पार्ल्याचे मत आणि कायद्याची घटिका

राज्यशास्त्राच्या पुस्तकात मतदारसंघाची व्याख्या एका वाक्यात संपते. ज्या भूभागातील मतदार मिळून एक प्रतिनिधी निवडतात तो भूभाग म्हणजे मतदारसंघ. परीक्षेच्या उत्तराला एवढे पुरते. परंतु एखादा मतदारसंघ हाती घेऊन त्याचा इतिहास पाहू लागले की त्या एका वाक्याच्या पोटात किती प्रश्न दडलेले आहेत ते ध्यानात येते. सीमा कोणी आखल्या? मत कोणाला होते, कोणाला नव्हते? मत कशाच्या नावाने मागितले गेले? आणि ते गैरमार्गाने मागितले गेले असेल तर त्याची दाद कोणी, कधी लावली?

मी राहणारा विलेपार्ल्याचा. तृतीय वर्षाला राज्यशास्त्र घेतल्यावर सहाजिकच माझे लक्ष माझ्याच मतदारसंघाकडे गेले. कोण निवडून आले आणि कोण पडले याची जंत्री करणे हा या लेखाचा हेतू नाही. तशी जंत्री कोणालाही मिळू शकते. विलेपार्ले आणि त्याच्या शेजारचा सांताक्रूझ या दोन उपनगरी मतदारसंघांतील निवडणुकांतून दोन खटले उभे राहिले, ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि धर्म, जात, भाषा यांच्या नावाने मत मागता येते की नाही या प्रश्नाचे देशभर लागू असलेले आजचे उत्तर बव्हंशी त्यांतूनच ठरले. हे उत्तर मोलाचे आहे. मात्र ज्या मतदारांच्या मताबद्दल तो वाद होता त्यांच्या हाती ते वेळेवर पडले नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्यात, एवढाच माझा प्रयत्न आहे.

गाव, उपनगर, मतदारसंघ

पार्ले हे मुंबईचे उपनगर होण्याआधी साष्टीतले एक गाव होते. जुनी गावठाणे आजही इमारतींच्या मधून डोके वर काढून आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी आगगाडीच्या सोयीमुळे शहरातील मध्यमवर्ग येथे येऊन राहू लागला आणि त्याने येताना आपल्या संस्थाही आणल्या. १९२१ साली पार्ले टिळक विद्यालय सुरू झाले. १९२३ साली लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात पार्ल्याला सत्याग्रहींची छावणी होती आणि जमनालाल बजाज यांच्यासारखी माणसे तेथून तुरुंगात गेली. पु. ल. देशपांडे याच पार्ल्यात वाढले. बिस्किटांच्या कारखान्याने तर गावाचे नाव देशाच्या कानाकोपऱ्यातल्या चहाच्या टपरीपर्यंत पोचवले.

१९५० साली मुंबई महापालिकेची हद्द अंधेरीपर्यंत वाढली आणि पार्ले महानगरात सामील झाले. रेल्वेच्या रुळांनी गावाचे दोन भाग केलेले होतेच. ढोबळमानाने बोलायचे तर पूर्वेला मराठी वस्ती दाट, पश्चिमेला गुजराती. गावठाणांत ख्रिस्ती कुटुंबे, विमानतळाच्या कुंपणालगत कष्टकऱ्यांच्या वस्त्या. एकाच मतदारसंघात इतके प्रकारचे लोक असल्यामुळे प्रत्येक उमेदवारापुढे एक सोपा मोह उभा राहतो. सगळ्यांना मिळून काही सांगण्यापेक्षा एकेका गटाला त्याच्या गटपणाची आठवण करून देणे कमी कष्टाचे असते.

वस्तुतः या भागाचे प्रश्न गटवार वाटलेले नाहीत. विमाने उतरण्याच्या मार्गाखाली इमारतींच्या उंचीवर मर्यादा येते. बोलीभाषेत त्याला फनेल झोन म्हणतात. त्यामुळे जुन्या, मोडकळीस आलेल्या इमारतींचा पुनर्विकास अडतो. गळके छप्पर मराठी बिऱ्हाडाचे असो की गुजराती, पाणी दोघांच्याही घरात सारखेच येते.

एका बाबीकडे माझ्या बरोबरीच्या विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावेसे वाटते. आपण मतदारसंघाला गावासारखा कायमचा समजतो, पण तो तसा नसतो. मुंबईतील विधानसभेच्या जागा पूर्वी ३४ होत्या, त्यांपैकी १७ शहरात आणि १७ उपनगरांत. २००१ च्या जनगणनेनुसार झालेली पुनर्रचना २००८ साली अमलात आली. तेव्हा जागा ३६ झाल्या आणि त्यांची वाटणी शहराला १० व उपनगरांना २६ अशी झाली. राहणारी माणसे उत्तरेकडे सरकली तसे मतांचे वजनही सरकले. विलेपार्ले हे नाव यादीत टिकले आणि तो मतदारसंघ लोकसभेच्या मुंबई उत्तर मध्य या मतदारसंघात गेला. शेजारचा सांताक्रूझ विधानसभा मतदारसंघ मात्र यादीतून गेला. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

डिसेंबर १९८७

पार्ल्याच्या मतदानाच्या इतिहासातील सर्वांत गाजलेली निवडणूक ही सार्वत्रिक निवडणूक नव्हती, ती पोटनिवडणूक होती. १९८५ मध्ये निवडलेल्या विधानसभेची मुदत चालू असता ही जागा रिकामी झाली आणि १३ डिसेंबर १९८७ रोजी मतदान झाले. शिवसेनेतर्फे डॉ. रमेश यशवंत प्रभू उभे होते. ते व्यवसायाने डॉक्टर आणि मुंबईचे महापौर. काँग्रेसतर्फे प्रभाकर काशिनाथ कुंटे होते. जनता पक्षाचे उमेदवार प्राणलाल व्होरा होते आणि भारतीय जनता पक्षाचा पाठिंबा त्या वेळी व्होरांना होता. आज वाचताना नवल वाटेल, पण शिवसेना आणि भाजप या निवडणुकीत समोरासमोर होते. दोघांची युती पुढे १९८९ साली झाली, आणि पार्ल्याच्या निकालाने तिची वाट सोपी केली असे अनेक अभ्यासक मानतात.

१४ डिसेंबरला निकाल लागला. डॉ. प्रभू विजयी झाले.

त्या निवडणुकीत आमच्या वयाच्या विद्यार्थ्याला मतच नव्हते, हेही नोंदवून ठेवले पाहिजे. मतदानाचे वय तेव्हा २१ होते. ते १८ करणारी ६१ वी घटनादुरुस्ती १९८९ च्या मार्च महिन्यात अमलात आली. म्हणजे त्या डिसेंबरात पार्ल्याच्या सभांना महाविद्यालयातील मुले गेली असतील, त्यांनी भाषणे ऐकली असतील, घोषणाही दिल्या असतील, पण बहुतेकांना पेटीपर्यंत जाता आले नसेल.

निवडणुकीच्या प्रचारात शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांची भाषणे झाली. त्यांपैकी तीन, म्हणजे २९ नोव्हेंबर, ९ डिसेंबर आणि १० डिसेंबर १९८७ या दिवसांची, पुढे न्यायालयात वादाचा विषय झाली. या भाषणांत धर्माच्या आधारे मत मागितले गेले आणि समाजांत वैर वाढेल असे बोलले गेले, असा आरोप करून कुंटे यांनी मुंबई उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल केली.

कायदा काय म्हणतो

येथे थोडे थांबून कायदा समजून घेणे आवश्यक आहे.

निवडणुकीचा निकाल मान्य नसेल तर तो एकाच मार्गाने आव्हानित करता येतो. तो मार्ग म्हणजे निवडणूक याचिका. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ याप्रमाणे निकालानंतर ४५ दिवसांच्या आत ती करावी लागते. ती पराभूत उमेदवाराला करता येते आणि त्या मतदारसंघातल्या कोणत्याही मतदारालाही करता येते. हा दुसरा भाग आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल याची मला शंका आहे. तारण म्हणून २,००० रुपये न्यायालयात भरावे लागतात. पूर्वी अशा याचिका खास न्यायाधिकरणांपुढे चालत. १९६६ च्या दुरुस्तीनंतर त्या उच्च न्यायालयांकडे आल्या.

याच कायद्याच्या १२३ व्या कलमात 'भ्रष्ट आचार' कोणते ते सांगितले आहे. लाच देणे, धाकदपटशा दाखवणे यांबरोबरच तिसऱ्या पोटकलमात धर्म, वंश, जात, जमात किंवा भाषा यांच्या कारणास्तव मत देण्याचे वा न देण्याचे आवाहन करणे हाही भ्रष्ट आचार ठरवला आहे. हे आवाहन उमेदवाराने केले काय, त्याच्या प्रतिनिधीने केले काय, किंवा उमेदवाराच्या संमतीने तिसऱ्या कोणी केले काय, परिणाम एकच. निवड रद्द होते.

या पोटकलमाला स्वतःचा इतिहास आहे. मूळ कायद्यात 'पद्धतशीर' आवाहनाला बंदी होती. एखाद्या सभेत एखादे वाक्य निसटले तर ते पद्धतशीर नव्हते असे म्हणायला त्यात जागा होती. १९६१ च्या दुरुस्तीने 'पद्धतशीर' हा शब्द गेला आणि 'त्याचा' हा शब्द आला. 'त्याच्या' धर्माच्या, 'त्याच्या' जातीच्या, 'त्याच्या' भाषेच्या कारणास्तव मत मागणे निषिद्ध झाले. याच दुरुस्तीने धर्म, जात, भाषा यांच्या आधारे नागरिकांच्या वर्गांत वैर किंवा द्वेष वाढवणे हा वेगळा भ्रष्ट आचार म्हणून घातला गेला. 'त्याचा' या दोन अक्षरांनी पुढे किती वर्षे घेतली ते आपण पाहूच.

११ डिसेंबर १९९५

उच्च न्यायालयाचे न्या. एस. पी. भरुचा यांनी ७ एप्रिल १९८९ रोजी निकाल दिला. दोन्ही प्रकारचे भ्रष्ट आचार सिद्ध झाले असे ठरवून त्यांनी डॉ. प्रभू यांची निवड रद्द केली. डॉ. प्रभूंनी सर्वोच्च न्यायालयात अपील केले. न्या. जे. एस. वर्मा, न्या. एन. पी. सिंग आणि न्या. के. वेंकटस्वामी यांच्या पीठाने ११ डिसेंबर १९९५ रोजी ते फेटाळले.

हा निकाल सामान्यतः 'हिंदुत्वाचा निकाल' म्हणून ओळखला जातो आणि तो निम्माच सांगितला जातो. एक बाजू त्याचा अर्धा भाग उचलते, दुसरी बाजू उरलेला. अभ्यासकाने दोन्ही भाग वाचायला हवेत.

पहिला भाग असा. 'हिंदू', 'हिंदुत्व' या शब्दांचा अर्थ केवळ संकुचित धार्मिक श्रद्धेपुरता घेता येणार नाही, ते येथील लोकांच्या जीवनपद्धतीचेही निदर्शक आहेत, म्हणून एखाद्या भाषणात हा शब्द आला एवढ्यानेच भ्रष्ट आचार होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. भाषण कोणत्या संदर्भात झाले आणि ऐकणाऱ्याला त्याचा काय अर्थ पोचला, हे पाहावे लागेल.

दुसरा भाग असा. या कसोटीवर पार्ल्याची ती तीन भाषणे तपासली असता ती टिकली नाहीत. उमेदवार हिंदू म्हणून त्याला हिंदूंनी मत द्यावे असे आवाहन त्यांत होते आणि वैर वाढवणारा मजकूरही होता, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. एवढ्या मोठ्या नेत्याने अशी भाषा वापरावी याबद्दल न्यायालयाने खेदही नोंदवला. शब्दाला मोकळीक मिळाली, त्याच शब्दाच्या सावलीत केलेले भाषण मात्र दोषी ठरले.

त्याच दिवशी त्याच पीठाने दादरच्या १९९० मधील निवडणुकीचा निकालही दिला. तेथील विजयी उमेदवार मनोहर जोशी हे तोपर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेले होते. महाराष्ट्रात पहिले हिंदू राज्य स्थापन होईल अशा आशयाच्या त्यांच्या विधानावर आक्षेप होता. उच्च न्यायालयाने त्यांची निवड रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ते विधान मत मागण्याचे आवाहन ठरत नाही, ती फार तर एक आशा आहे, असे म्हणून ती निवड कायम केली. पार्ले आणि दादर ही दोन प्रकरणे शेजारी ठेवली म्हणजे न्यायालयाने रेघ कोठे मारली ते दिसते. आकांक्षा बोलून दाखवणे रेघेच्या अलीकडे, आणि 'अमुक धर्माचा म्हणून याला मत द्या' हे रेघेच्या पलीकडे. ही रेघ आखणे कागदावर सोपे आहे. हजारो माणसांच्या सभेत, रात्रीच्या वेळी, टाळ्यांच्या गजरात ती कितीशी स्पष्ट राहते हा प्रश्न उरतोच, आणि या निकालावर टीका करणाऱ्यांनी तो विचारलाही आहे.

निकालाचा एक परिणाम उमेदवाराच्या पलीकडे गेला. भ्रष्ट आचार करणारा म्हणून ठाकरे यांचेही नाव न्यायालयाने घेतले होते. अशा वेळी किती काळ अपात्र ठरवावे हे राष्ट्रपती निवडणूक आयोगाचे मत घेऊन ठरवतात. त्याप्रमाणे १९९९ साली त्यांच्यावर निवडणूक लढवण्यास आणि मत देण्यासही सहा वर्षांची बंदी घालण्यात आली. ज्यांच्या एका हाकेवर मुंबईत लक्षावधी मते फिरत, त्यांना स्वतःचे एक मत देता येत नव्हते.

शेजारचा सांताक्रूझ

पार्ल्याचा रस्ता ओलांडला की सांताक्रूझ. १९९० च्या सार्वत्रिक निवडणुकीत तेथून भाजपचे अभिराम सिंह निवडून आले. त्यांच्याविरुद्धही याचिका झाली आणि धर्माच्या आधारे मते मागितल्याच्या कारणावरून उच्च न्यायालयाने त्यांची निवड रद्द केली. अपील सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तेथे ते एका पीठाकडून अधिक मोठ्या पीठाकडे असे चढत गेले. १९९६ साली ते पाच न्यायाधीशांकडे सोपवले गेले, २०१४ साली सात न्यायाधीशांकडे.

प्रश्न होता त्या दोन अक्षरांचा. 'त्याचा' धर्म म्हणजे कोणाचा? केवळ उमेदवाराचा, की मतदाराचाही? उमेदवार म्हणाला, 'मी अमुक धर्माचा, मला मत द्या', तर ते निषिद्ध हे उघड आहे. परंतु तो म्हणाला, 'तुम्ही अमुक धर्माचे आहात, म्हणून मला मत द्या', तर?

२ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने उत्तर दिले. सरन्यायाधीश टी. एस. ठाकूर, न्या. मदन लोकुर, न्या. शरद बोबडे आणि न्या. एल. नागेश्वर राव यांनी 'त्याचा' हा शब्द व्यापक अर्थाने घेतला. उमेदवार, त्याचा प्रतिनिधी, त्याच्या संमतीने बोलणारा आणि मतदार, यांच्यापैकी कोणाच्याही धर्म, जात वा भाषेचा आधार घेतला तरी तो भ्रष्ट आचारच. न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. आदर्श गोयल आणि न्या. उदय लळित यांनी भिन्न मत दिले. १९९५ च्या निकालात हिंदुत्व या शब्दाचा जो अर्थ लावला गेला होता त्याकडे मात्र हे पीठ वळले नाही. तो प्रश्न आपल्यापुढे सोपवलेला नाही असे त्याने सुनावणीच्या वेळीच सांगितले होते.

अल्पमताचा युक्तिवाद वरवर पाहता टाकाऊ वाटतो, पण तो विचार करायला लावणारा आहे. जातीमुळे, धर्मामुळे, भाषेमुळे ज्यांच्यावर शतकानुशतके अन्याय झाला, त्यांच्या दुःखाविषयी निवडणुकीत बोलायचे नाही तर बोलायचे कोठे? मतदाराच्या त्या ओळखीचा उच्चारच निषिद्ध केला तर लोकशाहीची चर्चा पोकळ होईल, असे त्या तिघांना वाटले. डॉ. आंबेडकरांच्या महाराष्ट्रात वाढलेल्या विद्यार्थ्याला हा मुद्दा झटकून टाकता येणार नाही.

भाषेचेच उदाहरण घेऊ, कारण आमच्या पार्ल्यात ते रोजचे आहे. 'मराठी शाळा बंद पडत आहेत, त्या टिकवल्या पाहिजेत' असे उमेदवाराने म्हणणे आणि 'मी मराठी, तुम्ही मराठी, म्हणून मत मला' असे म्हणणे यांत अंतर आहे. आपली भाषा जतन करण्याचा हक्क घटनेच्या २९ व्या अनुच्छेदाने दिला आहे, आणि भाषेच्या रक्षणासाठी चळवळ करण्याचे आश्वासन हा भ्रष्ट आचार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ सालीच पंजाबातील हिंदीच्या एका प्रकरणात ठरवले होते. माझ्या मते कसोटी अशी लावता येईल : बोलणारा एखादा प्रश्न मांडतो आहे की केवळ नाते सांगतो आहे? प्रश्न मांडला तर त्याचे उत्तर विचारता येते, आणि पाच वर्षांनी हिशेबही मागता येतो. नात्याला हिशेब नसतो.

वेळेचा हिशेब

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

कायद्याने उच्च न्यायालयाला सांगितले आहे की निवडणूक याचिका शक्यतो सहा महिन्यांत निकालात काढण्याचा प्रयत्न करावा. सर्वोच्च न्यायालयातील अपिलासाठी तीन महिन्यांचे उद्दिष्ट आहे. या आकड्यांशेजारी पार्ल्याचे आकडे मांडून पाहा. मतदानापासून उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत जवळजवळ १६ महिने. तेथून अंतिम निकालापर्यंत ६ वर्षे ८ महिने. १३ डिसेंबर १९८७ ते ११ डिसेंबर १९९५ म्हणजे आठ वर्षांना दोन दिवस कमी. या काळात ज्या विधानसभेसाठी ती पोटनिवडणूक झाली तिची मुदत संपली, १९९० ची सार्वत्रिक निवडणूक झाली, १९९५ चीही झाली आणि राज्यात सत्तांतरही झाले.

सांताक्रूझचा हिशेब तर याहून विलक्षण आहे. १९९० च्या निवडणुकीचा कायदेशीर प्रश्न २०१७ साली सुटला. जवळजवळ २७ वर्षे लागली. आणि वर सांगितल्याप्रमाणे सांताक्रूझ नावाचा विधानसभा मतदारसंघ २००८ सालीच यादीतून गेलेला होता. ज्या मतदारसंघातील मतदारांच्या मताचे पावित्र्य राखण्यासाठी सात न्यायमूर्ती बसले, तो मतदारसंघच उरला नव्हता.

न्यायालयांना दोष देणे सोपे आहे, पण दुसरी बाजूही पाहावी. भ्रष्ट आचाराचा आरोप जवळजवळ फौजदारी आरोपासारखा गंभीर मानला जातो. पुरावा तितकाच काटेकोर लागतो. भाषण खरोखर तसेच झाले का, उमेदवाराची त्याला संमती होती का, हे साक्षीदार तपासून ठरवावे लागते. लाखभर लोकांनी दिलेला कौल एका माणसाच्या तक्रारीवर घाईने पुसून टाकणे हाही अन्यायच ठरेल. म्हणून सावकाशीला कारण आहे. तथापि सावकाशी आणि आठ वर्षे, सावकाशी आणि सत्तावीस वर्षे, यांत फरक केलाच पाहिजे.

तातडीचा दुसरा उपाय म्हणजे निवडणूक आयोगाची आचारसंहिता. तिच्यातही जातीय वा धार्मिक भावनांना आवाहन करण्यास मनाई आहे. एप्रिल २०१९ मध्ये आयोगाने काही मोठ्या नेत्यांना ४८ वा ७२ तासांसाठी प्रचारबंदी केली होती. हा उपाय त्याच निवडणुकीत हाती येतो हा त्याचा गुण. परंतु त्याने निकालाला धक्का लागत नाही. एकीकडे दोन-तीन दिवसांचे मौन, दुसरीकडे अनेक वर्षांनी रद्द होणारी निवड, आणि या दोहोंच्या मध्ये मतदार उभा आहे.

धडा कोणता?

पार्ल्याच्या मतदाराने यानंतर अनेक निवडणुका पाहिल्या. १९९९ मध्ये शिवसेनेचे विनायक राऊत निवडून आले, २००९ मध्ये काँग्रेसचे कृष्णा हेगडे, आणि २०१४, २०१९ व २०२४ या तिन्ही वेळा भाजपचे पराग अळवणी. तीन वेगळ्या पक्षांचे लोक एकाच नावाच्या मतदारसंघाने विधानसभेत पाठवले. पार्ले अमुक पक्षाचे किंवा तमुक समाजाचे, असे जे सहजपणे बोलले जाते त्याला हा इतिहास पुरेसा आधार देत नाही. मतदार बदलतो, सीमा बदलतात, पक्षांच्या युत्या जुळतात आणि तुटतात. मत कायमचे कोणाच्या घरचे नसते.

या अभ्यासातून मला जे उमगले ते थोडक्यात सांगतो. कायद्याने मतदाराला दोन गोष्टी दिल्या. आपल्याकडे मत कशाच्या नावाने मागू नये याचा नियम दिला आणि तो मोडला तर न्यायालयात जाण्याचा हक्कही दिला. नियम पार्ले आणि सांताक्रूझ यांच्या खटल्यांनी अधिक स्पष्ट केला, त्याबद्दल मतभेद असले तरी. हक्काची किंमत मात्र वेळेवर अवलंबून आहे, आणि त्या बाबतीत हे दोन्ही खटले आपल्याला सावध करतात. याचिकांसाठी उच्च न्यायालयात रोज सुनावणी घेणारे स्वतंत्र पीठ असावे, अपिलाची तीन महिन्यांची मुदत खरोखर पाळली जावी, विधानसभेची मुदत संपण्यापूर्वी अंतिम निकाल लागलाच पाहिजे असे बंधन घालावे, अशा सूचनांवर आपल्या अभ्यासमंडळात चर्चा व्हायला हरकत नाही. प्राध्यापक मंडळींनी या बाबतीत मार्गदर्शन करावे अशी विनंती आहे.

तोपर्यंत पहिला न्यायाधीश मतदार स्वतःच आहे. न्यायालयाला आठ वर्षे लागली ते काम त्याला सभेच्या मैदानावरून घरी जाईपर्यंत करता येते. समोरच्या माणसाने आपल्याला पाण्याबद्दल, शाळेबद्दल, पडक्या इमारतीबद्दल काही सांगितले, की केवळ आपण कोण आहोत याची आठवण करून दिली, एवढे मनाशी विचारले तरी पुरे. १९८७ साली हा निवाडा करण्याचा अधिकार अठरा-वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला नव्हता. आज तो आपल्याला आहे.